रोज बायबल वाचताय का? लेवीय आलं की माझं दरवर्षी थांबतं

मोहरीचा_दाणा
सलाम मंडळी. बरेच दिवस इथे नुसतं वाचतोय, आज पहिल्यांदा धागा काढतोय, चुकलंमाकलं सांभाळून घ्या.

माझं नाशिकच्या अंबडला छोटं वर्कशॉप आहे, दोन लेथ एक मिलिंग, चार पोरं कामाला, राहायला सिडकोत. दर १ जानेवारीला ठरवतो की यंदा पूर्ण बायबल. हिशोब सोपा आहे, १,१८९ अध्याय, ३६५ दिवस, रोज तीन-चार अध्याय झाले की बस. उत्पत्ती मस्त जातं, योसेफाची गोष्ट आली की जेवायला हाक मारलेली ऐकू येत नाही. निर्गमात तांबडा समुद्र पार होतो, मग निवासमंडपाचे पडदे, फळ्या, आकड्या सुरू होतात तिथे वेग कमी होतो आणि जानेवारी संपता संपता लेवीय, बायबलचं तिसरं पुस्तक. होमार्पण, दोषार्पण, चरबी, गुरदे, अंगावरचे चट्टे तपासणारे याजक... आणि थांबतं. हे सलग चौथं वर्ष.

यंदा अ‍ॅपवर ३३ दिवसांची साखळी झाली होती. एका रात्री मशीन बंद पडलं, घरी यायला पावणेबारा झाले, साखळी तुटू नये म्हणून जिन्यातच उभा राहून अंगठ्याने तीन अध्याय सरकवले. सकाळी आठवायला गेलो तर एक ओळ आठवेना. तेव्हा मनाला फार लागलं. मी देवाजवळ बसायला गेलो होतो का कार्ड पंच करायला?

तर प्रश्न दोन. तुम्ही रोजचं वाचन कसं टिकवलं? आणि खरा प्रश्न दुसरा, वाचून वाचून आपण विश्वासात वाढतोय हे कळतं कशावरून? माझी आई चौथी शिकलेली. तिने आयुष्यभर स्तोत्रं आणि योहान एवढंच परत परत वाचलं असेल, पण आजारपणात तिचा जो विश्वास पाहिला त्याच्या जवळपास मी नाही.

वचनप्रेमी
भाऊ, सोडू नका. मी चार वेळा पूर्ण वाचलंय आणि दोन गोष्टींवर टिकलोय. एक, दिवस चुकला तर मागचं भरून काढायला जायचं नाही, आजच्या तारखेचं जे आहे तेच वाचायचं. थकबाकी डोक्यावर बसली की माणूस पुस्तकच उघडत नाही. दोन, सरळ पहिल्या पानापासून जाऊ नका. रॉबर्ट मॅकचेन म्हणून स्कॉटलंडचा तरुण पाळक होता, त्याने १८४२ मध्ये आपल्या मंडळीसाठी तक्ता केला, रोज चार ठिकाणचे चार अध्याय. वर्षात जुना करार एकदा होतो, नवा करार आणि स्तोत्रं दोनदा. लेवीय चालू असताना बाजूला दुसरं काहीतरी चालूच असतं, त्यामुळे घशात अडकत नाही.

आणि लेवीय टाळू नका. इब्रीकरांस पत्र वाचाल तेव्हा लेवीयशिवाय अर्धं कळणार नाही.

दोन_लेकरांची_आई
चार अध्याय??? रोज??? माझी धाकटी दीड वर्षाची आहे 🙂

शरणपूरची_आत्या
वचनप्रेमी, मॅकचेनबद्दल एक राहिलं. त्याच तक्त्याच्या सुरुवातीला त्याने धोकेही लिहून ठेवलेत. वाचन नुसता रिवाज होईल, वाचणाऱ्याला स्वतःच्या धार्मिकपणाचं समाधान वाटू लागेल, काही जण कसंतरी उरकतील, काहींना ते जड जोखड होईल. म्हणजे दाण्याला जिन्यात जे झालं ते त्या माणसाने १८४२ लाच ओळखलं होतं. आणि तो बिचारा पुढच्याच वर्षी गेला, तिशीही गाठली नाही.

मी शाळेतून रिटायर होऊन बरीच वर्षं झाली. माझं मत सांगते, पटलं तर घ्या. अध्याय मोजू नका. अध्याय मुळात नव्हतेच. ते पाडले तेराव्या शतकात, स्टीफन लँग्टनच्या नावावर आहेत ते. नव्या करारातले वचनांचे आकडे तर १५५१ चे, एका छापखानेवाल्याने घातलेले. पौलाने फिलिप्पैकरांना पत्र लिहिलं तेव्हा आज पहिला अध्याय वाचा उद्या दुसरा असं नव्हतं, पत्र आलं, सगळे जमले, एकाने मोठ्याने वाचलं.

आमच्या घरी रात्रीच्या जेवणानंतर कौटुंबिक प्रार्थना असायची. वडील पाच-सहा वचनं वाचायचे, जास्त नाही. मग आम्हा भावंडांना प्रत्येकाला एकच विचारायचे, "आज कुठला शब्द अडकला?" अर्थ विचारायचे नाहीत, बोध तर अजिबात नाही. मी लहानपणी एकदा "टोपली" म्हणाले होते, मोशेची टोपली, कारण आमच्याकडे तश्शीच होती. वडील हसले नाहीत. म्हणाले बरोबर, आईने ती विणताना काय काय मनात आणलं असेल गं? ती टोपली अजून माझ्या डोक्यातून गेलेली नाही आणि मी सत्तरी ओलांडलीय.

बागवान_पिंपळगाव
आत्या, तुमच्या वडलांना सलाम. "कुठला शब्द अडकला" हे आजपासून आमच्या घरी सुरू.

सरळ_बोलतो
कोणाला राग आला तर माफ करा. माझ्या पाहण्यातले एक गृहस्थ आहेत, नाव घेत नाही, पहाटे चारला उठून तासभर वाचतात, पानन्‌पान रंगवलेलं बायबल आहे, आणि सख्ख्या भावाशी अकरा वर्षं बोलत नाहीत. सांडपाण्याच्या पाइपावरून. याकोबाच्या पत्रात पहिल्याच अध्यायात आहे की वचन नुसतं ऐकणारा म्हणजे आरशात तोंड पाहून निघून जाणारा, गेला की आपण कसे होतो ते विसरतो. मग रोज वाचलं काय आणि आठवड्यातून वाचलं काय. दाण्याच्या दुसऱ्या प्रश्नाचं माझं उत्तर हे आहे, वाढ झाली का हे वाचणाऱ्याला विचारू नका, त्याच्या बायकोला विचारा, शेजाऱ्याला विचारा, हाताखालच्या माणसाला विचारा.

वचनप्रेमी
मान्य. पण आरसा खोटा ठरत नाही ना. तो गृहस्थ बायबल न वाचता भावाशी बोलला असता का?

सरळ_बोलतो
ते मला माहीत नाही. पण रोज वाचूनही बोलत नाही याचा त्रास त्याला व्हायला हवा, तो होत नाही. त्याची भीती वाटते मला. कारण मी पण रोज वाचतो.

शरणपूरची_आत्या
सरळ_बोलतो, शेवटचं वाक्य फार खरं बोललात.

नाईटड्युटी
मी नर्स आहे, महिन्यातल्या पंधरा रात्री ड्युटी. पहाटेची शांत वेळ, कॉफी, वही, पेन हे ज्यांना मिळतं त्यांनी देवाचे आभार माना. येशू पहाटे अंधारात उठून एकांतात प्रार्थनेला गेला हे मार्कात आहे आणि दर कन्व्हेन्शनला आम्हाला ते ऐकवतात, पण मी पहाटे सलाईन बदलत असते.

मी काय करते तर ड्युटीला निघताना एक वचन चिठ्ठीवर लिहून खिशात ठेवते. एकच. रात्रभर ते खिशात असतं, हात धुताना, लिफ्टमध्ये, पेशंटची बीपी घेताना आठवते. स्तोत्र १२१ मधलं आहे ना, इस्राएलाचा रक्षक झोपत नाही की डुलकी घेत नाही, ते मी कितीतरी रात्री खिशात घालून फिरलेय. वॉर्डात तीन वाजता सगळं शांत असतं, मॉनिटरचा आवाज फक्त, आणि माझ्यासोबत अजून कोणीतरी जागं आहे हे मला माहीत असतं. हे मला कुठल्या पुस्तकाने शिकवलं नसतं.

एकदा आमचा एक लहान पेशंट गेला. त्या रात्रीची चिठ्ठी होती योहान ११:३५, "येशू रडला". दोनच शब्द. मी मुद्दाम निवडली नव्हती, घाईत होते म्हणून सगळ्यात छोटं वचन लिहिलं होतं. त्याच्या आईजवळ बसून मी पण रडले, सिस्टरने रडायचं नसतं असं मला आधी वाटायचं.

जपमाळ_देवळाली
नाईटड्युटी ताई, वाचून पुढे दोन मिनिटं काही टाइप करता आलं नाही.

आम्ही कॅथलिक, त्यामुळे आमच्याकडे काय वाचायचं हा प्रश्न निम्मा सुटलेला असतो, मिस्साची, म्हणजे चर्चमधल्या उपासनेची, रोजची वाचनं ठरलेली असतात. रविवारची वाचनं तीन वर्षांच्या चक्रात फिरतात, जगभर त्या दिवशी तेच शुभवर्तमान. मला हे फार आवडतं की मी देवळालीत जे वाचतोय तेच माझा भाऊ दुबईत वाचतोय.

आमच्या फादरांनी एकदा लेक्सिओ दिविना शिकवलं होतं, मठांमधली जुनी पद्धत. बाराव्या शतकात गिगो नावाच्या संन्याशाने तिच्या चार पायऱ्या लिहिल्या. आधी वाचा, मग ते चघळा, मग त्यावरून देवाशी बोला, मग गप्प बसा. तो म्हणतो वाचन म्हणजे घास तोंडात घालणं आणि मनन म्हणजे चावणं. आपण नुसते घास कोंबत असतो. आत्यांच्या वडलांचा "अडकलेला शब्द" म्हणजे हेच की.

अवांतर: नाशिक रोडला बाळ येशूच्या यात्रेला कोणी येतंय का यंदा? पुणे रोडला पार्किंगचे हाल असतात, रिक्षाने या.

बागवान_पिंपळगाव
यात्रेला येणार होतो पण माल काढणीला आलाय, टोळी आलेली आहे, बाग सोडता येत नाही.

काढणीवरून आठवलं ते लिहितो, जरा लांबेल. योहान १५ मी लहानपणापासून ऐकत आलोय, मी खरा द्राक्षवेल, माझा पिता माळी, जो फाटा फळ देतो त्याला अजून फळ यावं म्हणून तो साफ करतो. ज्याने बाग केली नाही त्याला "साफ करतो" म्हणजे धूळ पुसतो असं काहीतरी वाटत असेल. आमच्याकडे वर्षात दोन छाटण्या. एप्रिलात खरड छाटणी, ती झाल्यावर बाग अशी दिसते की नवख्या माणसाला वाटेल मेली. नुसते ओलांडे उघडे. त्यातून नवीन काड्या येतात आणि काडीवरच्या डोळ्यात, म्हणजे कोंबात, घड तयार होतो, तो बाहेरून दिसत नाही. मग ऑक्टोबरात गोडी छाटणी, त्याच काडीला मोजके डोळे ठेवून कापायचं, त्यातून घड बाहेर येतो. मग फेलफुटी काढा, विरळणी करा, चांगले दिसणारे मणी सुद्धा कात्रीने काढायचे म्हणजे राहिलेल्यांना साइज येते.

आता मुद्दा. एप्रिल ते ऑक्टोबर सहा महिने बागेत फळ म्हणून काही नसतं. पण पुढच्या वर्षीचं पीक त्याच काळात ठरतं. ऊन आणि पान नीट मिळालं नाही तर डोळ्यात घडच धरत नाही आणि हे तुम्हाला कळतं कधी, ऑक्टोबरात छाटल्यावर! मला वाटतं रोजचं वाचन असंच आहे. आज वाचलं आज फळ असं नसतं. डोळ्यात काय धरतंय ते बाहेरून दिसत नाही. दाणाभाऊ, तुमच्या आईचं आजारपणात जे दिसलं तो ऑक्टोबर होता. एप्रिल तुम्ही पाहिला नाही.

आणि फाटा वेलाला जोडलेला राहतो एवढंच त्याचं काम, बाकी रस वेल पाठवतो. "माझ्यात राहा" हा शब्द त्या अध्यायात किती वेळा आलाय मोजून बघा.

वाचनवेडी
वाचनखूण साठवली. बागवान, तुम्ही प्रवचन द्यायला या आमच्या मंडळीत.

केडगावचा_नातू
कोणी भाषांतराबद्दल बोललंच नाही. निम्म्या लोकांचं वाचन भाषेमुळे थांबतं असं माझं मत. जुन्या भाषांतराचा डौल मला आवडतो, "परमेश्वर माझा मेंढपाळ आहे, मला काही उणे पडणार नाही" यातला "उणे" काढून "कमी" घातलं तर माझ्या आजीने मला घराबाहेर काढलं असतं. पण पौलाची पत्रं मला सोप्या मराठीतच कळली.

हा वाद जुनाच आहे. पंडिता रमाबाईंनी हिब्रू आणि ग्रीक शिकून मुळातून भाषांतर केलं ते कशासाठी, तर केडगावच्या त्यांच्या मुक्ती मिशनमधल्या साध्या बायकांना स्वतः वाचून कळावं म्हणून. नवा करार आधी आला. पूर्ण बायबल छापून झालं १९२४ ला, त्या १९२२ लाच गेल्या होत्या. टाइप जुळवणाऱ्या, छापणाऱ्या, बांधणाऱ्या मुक्तीतल्याच बाया. माझी पणजी त्यातली. ती शिकली कशी तर अक्षरं उलटी जुळवता जुळवता. म्हणून कोणी मला म्हणालं की रोज वाचायला वेळ नाही तर मी काही बोलत नाही पण मनात पणजी येते.

शरणपूरची_आत्या
केडगावच्या नातवा, आता शरणपूरचं पण ऐक. आमचं शरणपूर वसलं ते एकोणिसाव्या शतकाच्या मध्यात, चर्च मिशनरी सोसायटीने वसवलं. गुलामांच्या जहाजांवरून सोडवलेली आफ्रिकन मुलं तिथे आणली, लिहायला वाचायला आणि सुतारकाम लोहारकाम शिकवलं. त्यातला जेकब वेनराइट पुढे आफ्रिकेत फिरणाऱ्या लिव्हिंगस्टन या मिशनऱ्यासोबत होता. १८७३ मध्ये लिव्हिंगस्टन आफ्रिकेच्या आतल्या भागात वारला तेव्हा त्याचं हृदय तिथेच झाडाखाली पुरलं आणि अंत्यविधीची प्रार्थना वाचली ती ह्या जेकबने, कारण त्याला वाचता येत होतं. झाडावर नाव कोरलं ते पण त्यानेच. मी शरणपूर रोडने जाते तेव्हा एवढ्या ट्रॅफिकमध्ये मला हे आठवतं, की इथल्या कुठल्यातरी वर्गात एका सुटलेल्या पोराने पहिलं वचन हिज्जे करत वाचलं असेल.

मोहरीचा_दाणा
सिडकोत एवढी वर्षं राहून हे माहीत नव्हतं. आता रविवारी मुलीला घेऊन जातो तिकडे.

गोदाकाठचा_वारकरी
मी ख्रिस्ती नाही, आमच्या घरात हरिपाठ. पौषात त्र्यंबकेश्वरला निवृत्तीनाथांच्या यात्रेला पायी जातो. धागा आवडला म्हणून लिहितोय, चालेल ना?

आमच्याकडेही हाच प्रश्न आहे. पारायण बसलं की ओव्यांचा वेग पाहावा, सात दिवसांत संपवायचं म्हणून. माझे आजोबा म्हणायचे एक ओवी अनुभवावी हे स्वतः नामदेवरायांनी सांगितलंय. आणि रोज म्हणून म्हणून पाठ झालेलं आपोआप ओठांवर येतं, ते वाईट आहे असं मला वाटत नाही. माझे वडील शेवटी कोणाला ओळखत नव्हते, पण हरिपाठ सुरू केला की पुढची ओळ ते म्हणायचे.

शरणपूरची_आत्या
चालेल म्हणजे काय, यायलाच पाहिजे. कवी ना. वा. टिळक स्वतः म्हणत की मी तुकोबांच्या पुलावरून ख्रिस्ताकडे आलो. आणि त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाई तर आपल्या जलालपूरच्या, गंगापूर रोडच्या बाजूचं गाव. टिळकांना नवा करार मिळाला तो १८९३ मध्ये रेल्वेच्या डब्यात, नागपूरहून राजनांदगावला जाताना एका अनोळखी साहेबाने दिला. डोंगरावरच्या प्रवचनापर्यंत आले आणि तिथून सुटलेच नाहीत. मत्तयाचे तीन अध्याय आहेत ते फक्त, ५, ६, ७.

केडगावचा_नातू
वारकरी, तुम्ही ओठांवर येतं म्हणालात त्यावरून, पहिल्या स्तोत्रात "रात्रंदिवस मनन करतो" असं जे आहे तिथे मूळ हिब्रू शब्द हागा. त्याचा अर्थ हळू आवाजात पुटपुटणं. यशयात कबुतराच्या घुमण्याला आणि सिंहाच्या गुरगुरण्याला पण हाच शब्द वापरलाय. म्हणजे मनन हे डोळे मिटून गप्प बसणं नव्हतंच, तोंडाने घोळवणं होतं.

गोदाकाठचा_वारकरी
वा! कबुतराचं घुमणं. हे आईला सांगतो.

दोन_लेकरांची_आई
पोळ्या करताना मी ऑडिओ लावते. मार्क अख्खा साधारण दीड तासात ऐकून होतो, दोन दिवसांच्या पोळ्या. मोठा सात वर्षांचा आहे, तो पण ऐकतो. परवा १ इतिहास लागलं, नऊ अध्याय नुसती नावं, अमक्याला तमका झाला. चिरंजीव म्हणाले, मम्मी ह्यांच्या घरात एवढी माणसं, ह्यांना टँकर लागत असेल ना?

बागवान_पिंपळगाव
😂😂 पोरगा नाशिक जिल्ह्याचा शोभतो.

एकटा_वाचक
सगळ्यांचं वाचलं. लिहू की नको असं दोन दिवस चाललं होतं.

माझी बायको गेली त्याला आता दोन वर्षं होतील. आम्ही दोघं सकाळी सोबत वाचायचो, तीस वर्षं, एक अध्याय ती एक मी. ती गेल्यावर मला बायबल उघडवेना. उघडलं की तिच्या पेन्सिलच्या खुणा. लोक यायचे, चांगल्या मनाने वचनं सांगायचे, सगळं मिळून कल्याणच होतं वगैरे, मला ती ऐकवत नव्हती. विश्वास गेला असं नाही म्हणणार, पण चव गेली. ताप आल्यावर जिभेला होतं तसं.

मग एका पाळकसाहेबांनी एकच सांगितलं, की स्तोत्र ८८ वाचा आणि दुसरं काही वाचू नका. ज्यांनी वाचलं नसेल त्यांना सांगतो, बाकीची बहुतेक रडगाणी शेवटी वळतात, तरी मी तुझी स्तुती करीन असं काहीतरी येतं, ह्यात येत नाही. हे शेवटपर्यंत काळोखात राहतं, शेवटचा शब्दच अंधार आहे. मी ते दोन-अडीच महिने रोज वाचलं. मोठ्याने. मला वाटायचं की असं बोललेलं देवाला चालत नाही, आणि हे तर त्याच्याच पुस्तकात लिहून ठेवलेलं. आणि तोंड त्याच्याकडेच आहे, पहिल्याच ओळीत त्यालाच हाक मारलीय.

एक दिवस ८८ संपल्यावर हात आपोआप पान उलटायला गेला आणि ८९ वाचलं. बस एवढंच झालं. दुसरा काही चमत्कार नाही. आता रोज एक अध्याय वाचतो. तिच्या वाट्याचा मोठ्याने वाचतो, माझ्या वाट्याचा मनात.

नाईटड्युटी
काका 🙏

शरणपूरची_आत्या
भाऊ, तुम्ही लिहिलंत हे फार बरं केलंत. रविवारी चर्चला भेटायचं असेल तर मला निरोप करा, शरणपूरलाच असते मी.

सरळ_बोलतो
माझ्या पहिल्या प्रतिसादाचा सूर जरा चढा होता. एकटा_वाचक यांचं वाचून कळलं की रोज वाचणं म्हणजे काय असतं. तीस वर्षांची सवय होती म्हणून पडल्यावर धरायला काहीतरी होतं.

जपमाळ_देवळाली
येत्या बुधवारी राखेचा बुधवार, ईस्टरआधीचा उपवासकाळ सुरू होतो. उपवासकाळात आम्ही घरी टीव्ही रात्री नऊला बंद करतो आणि लूक वाचतो. कोणाला सोबत वाचायचं असेल तर फोनवर वाचू, कॅथलिक असायची अट नाही.

वचनप्रेमी
मी येतो. मला लूक आवडतो.

मोहरीचा_दाणा
मंडळी, तीन आठवडे झाले, धागा काढून गायब झालो असं वाटलं असेल. रोज वाचत होतो तुम्हाला.

काय केलं ते सांगतो. अ‍ॅप ठेवलंय पण साखळी दिसते ती सेटिंग बंद केली. आईचं बायबल काढलं, कव्हर निघालंय त्याचं. आणि लेवीय सोडून दिलं नाही, पण रोज एकच अध्याय, आणि वाचते माझी मुलगी, आठवीत आहे, मोठ्याने. वाचून झालं की आत्यांच्या वडलांचा प्रश्न, एकमेकांना. पहिले आठ-दहा दिवस ती "गुरदे" आणि "चरबी" एवढंच सांगायची, मी पण काही फार वेगळं सांगत नव्हतो. पण एक जाणवलं, त्या माणसांना देवाजवळ जायला केवढी तयारी लागायची, दर वेळी काहीतरी जीव द्यावा लागायचा. हे मी आधी चार वर्षं सरकवून पुढे जात होतो.

मग गेल्या शनिवारी १९ वा अध्याय. मला माहीतच नव्हतं की "शेजाऱ्यावर स्वतःसारखी प्रीती कर" हे मूळ लेवीयमध्ये आहे, मी समजायचो येशूने पहिल्यांदा सांगितलं. पण त्याच्याआधी, तेराव्या वचनात आहे की मजुराची मजुरी रात्रभर सकाळपर्यंत आपल्याजवळ ठेवू नको. मुलगी वाचून पुढे गेली. मी तिथेच.

झालं असं होतं की त्याच दिवशी संध्याकाळी आमच्याकडचा हेल्पर पगाराचं विचारायला आला होता, आठवडा वर झाला होता, मी म्हटलं बिल अडकलंय रे, सोमवारी बघू. बिल अडकलं होतं हे खरं. पण खात्यात पैसे होते, मी ते मशीनच्या हप्त्यासाठी धरून ठेवले होते. हे घरात कोणालाच माहीत नव्हतं.

वाचून झाल्यावर मुलीला विचारलं कुठला शब्द अडकला. ती म्हणाली, "रात्रभर". मी विचारलं का गं, तर म्हणे असंच, सकाळी दिले तर काय झालं असतं, एका रात्रीचं एवढं काय?

साडेदहा वाजले होते. मी बाहेर गॅलरीत जाऊन त्याला फोन केला, पैसे लगेच पाठवले, बाकीच्या तिघांचे पण पाठवले. तो म्हणाला शेठ एवढ्या रात्री? मी म्हटलं हो, उशीरच झालाय. मग त्याने सांगितलं की त्याच्या घरी गॅस दोन दिवसांपूर्वी संपलाय.

सरळ_बोलतो, तुम्ही लिहिलं होतं हाताखालच्या माणसाला विचारा. ते मला त्या रात्री झोपू देत नव्हतं.

सरळ_बोलतो
दाणाभाऊ, मलाही त्या गृहस्थाकडे जायचंय. पाइपाच्या भांडणातला दुसरा भाऊ माझा मित्र आहे, मी इतकी वर्षं एकाच बाजूने बोलतोय. दोघांशी बोलतो.

बागवान_पिंपळगाव
दाणाभाऊ, तेराव्याच्या तीन वचनं वर बघा, दहावं. द्राक्षमळ्यातलं सगळंच तोडू नको, पडलेली फळं वेचू नको, गरिबाला आणि परक्याला राहू दे. मी हे रविवारच्या शाळेत पाठ केलं होतं आणि विसरलो होतो. आमच्याकडे पेठ-सुरगाण्याची टोळी आहे काढणीला, माल संपला की शेवटची ओळ मी बेदाण्यासाठी झाडून नेतो. यंदा ती ओळ त्यांच्या पोरांना ठेवलीय. वडील ठेवायचे, मीच बंद केलं होतं.

एकटा_वाचक
आमच्या बायबलात १९:१३ ला तिची पेन्सिलची खूण आहे. आत्ता पाहिलं. बाजूला आमच्या कामवाल्या मावशींचं नाव लिहिलंय.

नाईटड्युटी
आजची चिठ्ठी ठरली.

वचनप्रेमी
दाणाभाऊ, आता कितवा अध्याय?

मोहरीचा_दाणा
उद्या २५ वा. मुलीने आधीच डोकावून पाहिलंय, म्हणते पप्पा ह्यात सातव्या वर्षी जमिनीला पण सुट्टी आहे.

बागवान_पिंपळगाव
जमिनीला सुट्टी? थांबा, मी पण उद्या तोच काढतो. रात्री नऊनंतर फोन करा, टोळी जेवायला बसली की मोकळा असतो.